कडेपासून सुरू होणारी नक्षी

नक्षी बिघडते ती बहुधा मधे नाही, कडेला. चित्रकार कागदाच्या मधोमध फूल काढतो, पाकळ्या सावरतो, रंगाच्या छटा जुळवतो आणि कडेपर्यंत पोहोचता पोहोचता त्याचे लक्ष सैल पडते. चित्र एकटेच भिंतीवर लागणार असेल तर त्याने काही अडत नाही, कड फ्रेमखाली जाते. पण तेच चित्र शेजारी शेजारी मांडून कापडाचा अख्खा तागा, भिंतीचा कागद किंवा कॉम्प्युटर गेममधली जमीन भरायची ठरली, की उजवी कड डावीला आणि वरची खालचीला भिडते. मग फूल कितीही देखणे असो, पाहणाऱ्याची नजर आधी जाते ती त्या भिडण्याच्या रेषेवर.

महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या अनेकांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा दिलेल्या असतात. त्यातल्या संकल्पचित्राच्या पेपरात दिलेला आकार नक्षीने भरायचा असतो. आकार आधी ठरतो, नक्षी त्याच्या आत बसते आणि बाहेरची रेघ ही शेवटची हद्द असते. ते शिक्षण मोलाचे आहे, कारण तोल, वजन, मोकळी जागा हे सारे मुले तिथेच शिकतात. पण पसरत जाणारी नक्षी करायला बसलेल्या माणसाला त्यातली एक सवय मोडावी लागते. इथे हद्द नसतेच. चौकोनाची उजवी कड संपते तिथे त्याच चौकोनाची डावी कड सुरू होते, आणि कडेवर अर्धे कापले गेलेले पान ही चूक नसून तीच खरी गरज असते.

इमेज एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी जोड न दिसणारी नक्षी कशी करतात, हा या पुस्तकाचा विषय आहे. पायरीपायरीने कृती पुढच्या प्रकरणांत येतील. त्यांच्याकडे वळण्याआधी दोन कामे एकमेकांपासून वेगळी केलेली बरी. जोड नाहीसा करणे हे हिशेबाचे काम आहे, आणि ते आज कोणतेही बरे सॉफ्टवेअर करून देते. तीच ती आकृती पुन्हा पुन्हा येते आहे हे डोळ्याला खुपू न देणे हे मात्र नजरेचे काम आहे, आणि त्यासाठी मेनूत बटण नाही. बाजारात दिसणाऱ्या बऱ्याच फसलेल्या नक्ष्यांत जोड अजिबात दिसत नाही. तरीही त्या फसलेल्या असतात.

पहिले काम आधी पाहू.

संगणकावर नक्षीचा तुकडा ही कल्पना आली ती काटकसरीतून. १९८४ साली ॲपलचा मॅकिंटॉश बाजारात आला आणि त्याबरोबर बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेला मॅकपेंट हा चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम. पडदा काळा-पांढरा, करडी छटासुद्धा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या दाटीतूनच दाखवायची. त्या मॅकिंटॉशच्या सिस्टिममध्ये ३८ नक्ष्या तयार दिलेल्या होत्या: विटा, खवले, तिरप्या रेघा, ठिपक्यांची जाळी. प्रत्येक नक्षी आडवे ८ आणि उभे ८ ठिपके एवढीच. ठिपका काळा की पांढरा इतकीच नोंद ठेवायची असल्याने एका नक्षीला ८ बाइट लागत. ३८ नक्ष्या मिळून ३०४ बाइट. आज मोबाइलवर आलेल्या एका ओळीच्या निरोपालाही जवळपास तेवढी जागा लागते. पुढे १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउजरच्या १.१ आवृत्तीने वेबपानाच्या पार्श्वभूमीला चित्र लावण्याची सोय दिली. मोडेमच्या मंद वेगात मोठे चित्र उतरायला फार वेळ लागे, म्हणून लोक टीचभर चित्र देऊन ब्राउजरकडून ते पानभर पसरवून घेत. संगमरवर, ढग, कागदाचा पोत. त्या काळातल्या कितीतरी पानांवर चौकटी उठून दिसत, कारण चित्रे पसरवणे सर्वांना जमले होते, त्यांच्या कडा जुळवणे थोड्यांनाच.

कडा जुळवण्याची युक्ती एका फिल्टरमध्ये आहे. फोटोशॉपमध्ये ‘फिल्टर’ मेनूतल्या ‘अदर’खाली तो ‘ऑफसेट’ नावाने सापडतो. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो ‘लेयर’ मेनूतल्या ‘ट्रान्सफॉर्म’खाली आहे आणि तिथे रुंदी-उंचीच्या निम्म्याने सरकवण्यासाठी वेगळे बटणच दिले आहे. तो काय करतो हे एकदा बारकाईने पाहिले, की पुढचे सगळे सोपे जाते. समजा, चित्र १००० बाय १००० पिक्सेलचे आहे. डावीकडून मोजायला लागले तर पहिला उभा रकाना शून्याचा आणि शेवटचा ९९९ चा. ‘रॅप अराउंड’ निवडून चित्र ५०० पिक्सेल उजवीकडे सरकवले, की उजवीकडून बाहेर पडलेला भाग डावीकडून आत येतो. शून्याचा रकाना ५०० च्या जागी जातो, ९९९ चा ४९९ च्या जागी. म्हणजे कालपर्यंत दोन टोकांना असलेले रकाने आता चित्राच्या मधोमध एकमेकांना लागून उभे राहतात, आणि त्यांचे न जुळणे उघड्या डोळ्यांनी दिसते. खालीही ५०० ने सरकवले की तीच गत आडव्या कडांची होते. मधे एक मोठी अधिकची खूण उमटते. तोच जोड.

त्याच वेळी नव्या कडांवर काय आले? डाव्या कडेवर आधीचा ५०० वा रकाना, उजव्या कडेवर आधीचा ४९९ वा. हे दोघे मूळ चित्रात शेजारी होते. त्यामुळे नव्या कडा आपोआप जुळलेल्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. चित्रकाराने मधली अधिकची खूण बुजवायची: क्लोन स्टॅम्पने, हीलिंग ब्रशने, किंवा सरळ तिच्यावर नवी फुले-पाने काढून. हाताने काढलेल्या नक्षीत तिसरा मार्ग सर्वांत चांगला, कारण तिथे जोड लपवला जात नाही, त्या जागी नक्षीच वाढते.

इथे एक खाचखळगा आहे, आणि घाईत शिकवणारे तो वगळतात. अधिकच्या खुणेची चार टोके चित्राच्या कडांना जाऊन भिडलेली असतात. उभा जोड वरच्या कडेला ५०० व्या पिक्सेलपाशी भिडतो. तिथे ब्रश कडेपर्यंत फिरवला आणि खालच्या कडेला तेवढाच फिरवला नाही, तर एक जोड बुजवताना दुसरा तयार होतो. पुन्हा ५०० ने सरकवून उपयोग नाही, टोके परत कडेवरच जातात. या वेळी २५० ने सरकवायचे. चारही टोके कडांपासून दूर, चित्राच्या आत येतात आणि उरलेसुरले डाग निवांत पुसता येतात.

एवढे जमले की पहिले काम संपले. आता तर सरकवण्याचीही गरज उरलेली नाही असे कोणी म्हणेल, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. क्रिटा या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डब्ल्यू’ हे अक्षर दाबले की पडद्यावर चित्र चहूकडे पसरलेले दिसू लागते आणि उजव्या कडेबाहेर गेलेला ब्रश त्याच क्षणी डावीकडून आत येतो. फोटोशॉपमध्ये २०२० च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून ‘पॅटर्न प्रिव्ह्यू’ आहे. इलस्ट्रेटरला २०१२ च्या सीएस-सिक्समध्ये नक्षीसाठी वेगळा विभाग मिळाला. तरीही शिकणाऱ्याने पहिली काही रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा मांडायचे तुकडे, ऑफसेटनेच करावीत. जोड कुठून येतो हे हाताला कळल्याशिवाय तो कशाने जातो हे कळत नाही, आणि सॉफ्टवेअरचे बटण चुकते तेव्हा दुरुस्ती करता येत नाही.

चौकोनाच्या कडेवर नक्षी पुरी करण्याची ही जाण सॉफ्टवेअरच्या फार आधीची आहे. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत रंगीत सिमेंटच्या फरश्या अजून पायाखाली येतात. मुंबईत १९२२ साली सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या भावनेतून भारत टाइल्स सुरू केली. तोवर अशा फरशीसाठी परदेशी मालाकडे पाहावे लागे. या फरश्यांची घडण पाहण्यासारखी आहे. साच्यात धातूच्या पट्ट्यांची चौकट ठेवायची, प्रत्येक कप्प्यात वेगळ्या रंगाचे पातळ सिमेंट ओतायचे, चौकट अलगद उचलायची, मागून साध्या सिमेंटचा थर द्यायचा आणि प्रेसखाली दाबायचे. त्यांतल्या अनेक नक्ष्यांत फरशीच्या मधोमध फारसे काही नसते. कोपऱ्यांत फुलाचा एकेक चतकोर असतो. चार फरश्या एकत्र आल्या की त्यांच्या मिळण्याच्या बिंदूवर पूर्ण फूल उमलते, आणि पाहणाऱ्याला सांध्यांऐवजी फुले दिसतात. ऑफसेट फिल्टर कडा मधे आणून जे शिकवतो तेच त्या कारागिराने साच्यात उतरवले होते: सर्वांत कमकुवत जागी सर्वांत महत्त्वाची आकृती ठेवावी.

लाकडी ठशांनी कापड छापणारे याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने भिडले. गुजरातेत गांधीनगरजवळच्या पेथापूरचे कारागीर सागवानी ठसे कोरण्यासाठी नावाजलेले आहेत. ठशाच्या कोपऱ्याला बारीक ठिपक्यांची खूण असते. पहिल्या छाप्यात तो ठिपका उमटतो आणि पुढचा ठसा त्यावर नेमका बसवायचा असतो. तरी हाताचा दाब कमी-जास्त होतो, एखाद्या ठिकाणी रंग दाट बसतो, एखादा ठसा केसभर तिरका पडतो. त्यामुळे एकच ठसा शेकडो वेळा उमटला तरी दोन छापे तंतोतंत सारखे नसतात आणि डोळा कंटाळत नाही. संगणकाच्या चौकोनाला ही मुभा नाही. त्याची प्रत्येक प्रत अगदी शेवटच्या पिक्सेलपर्यंत सारखी असते. एका पानावर जरा गडद डाग राहिला, की भिंतभर ठरावीक अंतरावर तो डाग रांगेने उभा राहतो. जोड नाही, पण रांग आहे. दुसरे काम इथून सुरू होते.

इंग्लिश नक्षीकार विल्यम मॉरिसने एकोणिसाव्या शतकात या दुसऱ्या कामावर खूप विचार केला होता. नक्षीचा सांगाडा इतका झाकावा की लोकांना आवर्तने मोजता येऊ नयेत, आणि ती शोधून काढण्याची त्यांना इच्छाही होऊ नये, असे त्याचे मत होते. १८८३ मधले त्याचे ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे कापड पाहावे. केल्मस्कॉट इथल्या आपल्या घराच्या बागेत स्ट्रॉबेरी पळवणाऱ्या पक्ष्यांवरून त्याने ते काढले. पक्षी जोडीने समोरासमोर आहेत, म्हणजे आवर्तनच नाही तर आरशातली प्रतिमाही आहे. चौकटीची शिस्त याहून उघड असू शकत नाही. पण पाने आणि देठ एका जोडीतून दुसरीत इतके गुंतत जातात की चौकोन कुठे संपला हे बोट ठेवून सांगता येत नाही. कापड निळीत रंगवून, नको तिथली निळ काढून, त्यावर पुढचे रंग छापायचे, अशी कित्येक दिवस चालणारी ती छपाई होती. मॉरिसकडून आजच्या डिझायनरने घ्यावे ते हेच: आवर्तन नाकारण्यापेक्षा त्याला विणीत बांधून टाकावे.

साधे उपायही आहेत, आणि ते कापडाच्या धंद्यातून आलेले आहेत. सरळ रांगेत लावलेल्या चौकोनांत उभ्या-आडव्या पट्ट्या चटकन दिसतात, म्हणून एक आड एक उभी रांग निम्म्या उंचीने खाली सरकवतात. कापडवाले त्याला हाफ ड्रॉप म्हणतात. आडवी रांग निम्म्या रुंदीने सरकवली की तो ब्रिक, विटांच्या भिंतीसारखा. ज्या सॉफ्टवेअरला फक्त सरळ मांडणी कळते तिथेही हे साधता येते. फूल चौकोनाच्या मधोमध काढायचे, त्या लेयरची प्रत करायची आणि प्रत दोन्ही दिशांनी निम्म्याने सरकवायची. मधे एक फूल, चार कोपऱ्यांत चार चतकोर. चौकोन सरळ मांडला तरी फुले हाफ ड्रॉपमध्ये पडतात.

बुट्टी, म्हणजे लहान सुटी आकृती, विखुरलेली दिसावी पण कुठे दाटी होऊ नये, यासाठी सॅटीनच्या विणीवरून घेतलेली एक मांडणी आहे आणि ती प्रत्येकाने एकदा कागदावर करून पाहावी. पाच बाय पाच घरांचा चौकोन आखायचा. पहिल्या ओळीत पहिल्या घरात बुट्टी, दुसऱ्या ओळीत तिसऱ्या, तिसरीत पाचव्या, चौथीत दुसऱ्या आणि पाचवीत चौथ्या. प्रत्येक आडव्या ओळीत एक, प्रत्येक उभ्या ओळीत एक, आणि दोन बुट्ट्या कुठेही खेटून नाहीत. बुट्टीला थोडे वळवले, पानांची दिशा बदलली, एक-दोन बुट्ट्या लहान केल्या, की आवर्तनाचा माग काढणे अवघड होते. स्क्रीनवर डोळ्याच्या अंदाजाने बुट्ट्या विखुरणारे बहुधा उलट करतात: मधे दाटी, कडेला विरळ. मग पसरवल्यावर पांढऱ्या वाटा दिसतात, उभ्या आणि आडव्या, थेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

गणितज्ञांनी या सगळ्या मांडण्यांची हद्द कधीच आखून ठेवली आहे. सपाट पृष्ठभागावर दोन दिशांनी पसरणाऱ्या नक्षीच्या सममितीचे प्रकार १७ आणि फक्त १७, हे रशियाच्या फेदोरोव यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले आणि १९२४ मध्ये पोल्या यांनी ते नव्याने मांडले. डच चित्रकार एशर १९३६ साली दुसऱ्यांदा स्पेनमधल्या अल्हाम्ब्रा राजवाड्याला गेला, तिथल्या भिंतींवरची नक्षी त्याने उतरवून घेतली, आणि पुढे पोल्याचा लेख त्याच्या हाती आला. एकात एक बसणारे त्याचे पक्षी आणि मासे यातूनच वाढले. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘टाइल्ड क्लोन्स’ची खिडकी उघडली तर हे सतराही प्रकार एका यादीत मिळतात. एका आकृतीवर ते पाळीपाळीने लावून पाहण्यात एक दुपार जाते, आणि ती वाया जात नाही.

फोटोवरून नक्षी करायची असेल तर अडचण वेगळी. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या भिंतीचा फोटो घेतला, कडा नीट जुळवल्या आणि पसरवला, तरी भिंत पट्ट्यापट्ट्यांची दिसते. कारण ऊन एका बाजूने आलेले असते आणि लेन्स कोपरे किंचित काळवंडवते. हा प्रकाशाचा उतार जोड बुजवून जात नाही. त्याला आधी काढावे लागते. ‘हाय पास’ फिल्टर मोठ्या विस्ताराचा उजेड-अंधार काढून बारीक पोत तेवढा ठेवतो. जोडाची रेघ सरळ असली की दिसते, म्हणून ती वाकडी करावी हेही इथे उपयोगी पडते. संगणकशास्त्रज्ञ ॲलेक्सी एफ्रोस आणि विल्यम फ्रीमन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या ‘इमेज क्विल्टिंग’ पद्धतीत नेमके हेच संगणकाकडून करवून घेतले होते: दोन तुकडे थोडे एकमेकांवर चढवायचे आणि जिथे त्यांच्यातला फरक सर्वांत कमी आहे त्या वाटेने, वळसे घेत, कात्री चालवायची. जांभ्यात ती वाट दगडांच्या भेगांतून जाते.

छपाईला जाणाऱ्या नक्षीत हिशेब पुन्हा डोके वर काढतो. १० सेंटिमीटरचा चौकोन ३०० पीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, ११८१.१ पिक्सेल होतो, आणि पिक्सेलचा दशांश भाग अस्तित्वात नसतो. आकार पूर्ण पिक्सेलांत ठरवावा, शक्यतो सम संख्येत, म्हणजे निम्म्याने सरकवताना अडत नाही. रोटरी छपाईच्या जाळीदार नळकांड्याचा परीघ बहुधा ६४ सेंटिमीटर असतो, म्हणून तिथे रिपीटची उंची ६४ ला पुरी भागणारी हवी: ३२, १६, ८. सोलापुरी चादरीसारख्या जॅकार्डवर विणलेल्या कापडात तर पिक्सेलची जागा धागा घेतो. आणि तयार चौकोनावर ब्लर कधीच थेट लावू नये. कडेपलीकडे काय आहे हे फिल्टरला माहीत नसते, त्यामुळे जुळलेल्या कडा पुन्हा फाटतात. चौकोन तीन बाय तीन पसरवावा, ब्लर द्यावा आणि मधला कापून घ्यावा. फाइल पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवावी. जेपीईजी आपल्या दाबण्याच्या रीतीने कडांवरचे रंग किंचित हलवते.

अलीकडे शब्द लिहून चित्र मागवणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या साधनांतही जोड नसलेला तुकडा मिळतो. मिडजर्नीला मागणीच्या शेवटी ‘टाइल’ची खूण जोडली की पुरे. अशा अनेक तुकड्यांत कडा खरोखर निर्दोष असतात. पण तो तुकडा दहा बाय दहा पसरवून पाहिला, की एक ठळक फूल शंभर वेळा दिसते, कारण यंत्राने एक सुंदर चित्र केलेले असते, नक्षी नव्हे. पहिले काम झाले, दुसरे राहिले. ते करायला बुट्टीची जागा हलवणारा, गडद पान फिके करणारा माणूस अजून लागतोच. म्हणून या पुस्तकात बटणांपेक्षा मांडणीला अधिक पाने दिली आहेत, आणि ते योग्यच आहे.

वाचकांना एक विनंती. मुंबई-पुण्यात जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे आणि त्यांच्या रंगीत फरश्या राडारोड्यात जात आहेत. आपले किंवा ओळखीच्या कुणाचे घर पाडायचे ठरले असेल, तर फरशी पुसून कोरडी करावी, दिवसाच्या पसरट उजेडात, फ्लॅश न वापरता, कॅमेरा अगदी सरळ खाली धरून तिचा फोटो घ्यावा. फ्रेममध्ये मोजपट्टी ठेवावी. एक फोटो एका फरशीचा, दुसरा चार फरश्या मिळतात त्या कोपऱ्याचा, तिसरा भिंतीलगतच्या काठाचा. तेवढ्यावरून ती नक्षी गिंप किंवा इंकस्केपमध्ये जशीच्या तशी पुन्हा उभी करता येते.